उलट्या प्रदक्षिणेचं इंजिन

त्या पावसाळ्यात मी एवढा दमलेला असायचो की जेवता जेवता डोळा लागायचा आणि बायको वाटी वाजवून मला जागं करायची. मिरकरवाड्याच्या जेटीवर मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करत असे. पावसात होड्या वर ओढून ठेवलेल्या दिसल्या की लोकांना वाटतं, यांची मजा आहे. मजा कसली! नेमकं तेव्हाच प्रत्येकाला आपलं इंजिन उघडून, साफ करून, नारळी पौर्णिमेच्या आत परत हवं असतं. दिवसभर कोपरापर्यंत हात डिझेलमध्ये. संध्याकाळी एस.टी. धरून पालीच्या रस्त्यावरचं घर गाठायचं, तर पडवीत बाबा बसलेले असायचे. मला पाहून थोडे सरकायचे. स्वतःच्या घराच्या पडवीत, मला जागा करून द्यायला.

बाबा मुंबईला रेल्वेत होते. वाफेच्या इंजिनावर आधी कोळसा मारायचे, पुढे ड्रायव्हर झाले. ऐंशी साल उलटल्यावर दोन-तीन वर्षांनी रिटायर होऊन कायमचे घरी आले. त्याच्या आदल्या वर्षीच आई गेली होती. 'कायमचे' असं आम्ही म्हणायचो. त्यांच्या लेखी ते पाहुणेच होते. जन्मभर गणपतीला दहा दिवस आणि शिमग्याला चार दिवस येणाऱ्या माणसाला त्याच घरात बाराही महिने कसं राहायचं ते ठाऊक नव्हतं. तीन वर्षं झाली तरी कपडे ट्रंकेतच. आंघोळीचं पाणी काढून दिलं की म्हणायचे, "उगाच त्रास घेतलास." आमटीत मीठ नसलं तरी म्हणायचे, "छान झालीय हो." बायको म्हणायची, "किती गरीब माणूस!" आणि माझं डोकं फिरायचं.

कारण ते मला कधीच ओरडले नव्हते. दहा दिवसांसाठी आलेला बाप ओरडण्यात दिवस कशाला घालवेल? ओरडायची, मारायची ती आई. बाबा आणायचे हलवा आणि नवी चड्डी. वाडीतल्या एखाद्या पोराला बापाने बडवलं की मला त्याचा हेवा वाटायचा. ही काही कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. आता मी छत्तिशीला आलो होतो आणि हा माणूस एकदा तरी घरचा व्हावा, एवढंच मला हवं होतं. त्यांच्या त्या सभ्यपणाने मला जेवढा थकवा यायचा तेवढा जेटीवरच्या कामानेही येत नसे.

इंजिनाचं डोक्यात आलं ते एका स्टोव्हवरून. जुना पितळी स्टोव्ह मोडीत द्यायला काढला होता. बाबांनी त्याची टाकी उचलली, बोटाच्या पेराने वाजवली, कानाशी नेली आणि म्हणाले, "याचा बॉयलर बरा होईल." लगेच खाली ठेवून म्हणाले, "आपलं सहज म्हटलं." पण त्या दोन क्षणांत त्यांचा चेहरा मला अनोळखी वाटला. खरं तर तोच त्यांचा चेहरा असावा.

दुसऱ्या दिवशी मी ती टाकी पिशवीत घालून जेटीवर नेली. डबा खायच्या वेळेत अर्धा डबा खायचा आणि उरलेल्या वेळात इंजिन करायचं. टाकी आडवी करून बॉयलर केला. स्टोव्हच्याच पंपाची नळी कापून सिलिंडर, तो मागेपुढे डुलायचा आणि डुलताना वाफ आत घ्यायचा, बाहेर सोडायचा. धुराडं म्हणून पितळेची पिचकारी. आमच्या खालच्या वाडीतले एक चाचा जहाजावर नोकरीला होते, त्यांनी आणलेल्या दुधाच्या पावडरीच्या डब्यातून ड्रायव्हरची खोली कापली. तिच्यावर अरबी अक्षरं आणि एक हसरी गाय तशीच राहिली. घंटा बैलाच्या गळ्यातली, इंजिनाच्या मानाने फारच मोठी. एकंदरीत इंजिन असं दिसत होतं की खऱ्या इंजिनाने ओळख दाखवली नसती. पण मला ते आवडलं होतं.

प्रश्न रुळांचा होता. आमच्या जिल्ह्यात तेव्हा रेल्वे नव्हती. मग मला फुलपात्र आठवलं. ते आडवं घरंगळत सोडलं की सरळ जात नाही, गोल फिरतं, कारण त्याचं तोंड मोठं आणि बूड लहान. तसं एका बाजूची चाकं मोठी आणि दुसऱ्या बाजूची लहान केली, तर इंजिन रुळांवाचून गोल फिरेल. गणपतीत ते देवाभोवती फिरवायचं मी ठरवलं. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा, म्हणून उजवी चाकं लहान. इतका सगळा विचार मी केला होता, हे मुद्दाम सांगतो. चाकं आसांना पक्की झाळली, इंजिन पाण्याच्या डब्याभोवती फिरवून पाहिलं. छान फिरलं. मी खूश.

चतुर्थीला संध्याकाळी गणपतीचा पाट भिंतीपासून हातभर पुढे घेतला. आरतीला वाडी जमली होती. बाबा दाराजवळ, बाहेरच्या माणसांत बसले होते. मी खोलीतून इंजिन आणलं, खाली स्पिरिटचा दिवा पेटवला. बाबांनी मान उंच करून पाहिलं, पण जागचे हलले नाहीत. वाफ धरली, मी चाकाला बोट लावलं आणि इंजिन फुसफुसत, घंटा बडवत निघालं. लोक हसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्धा फेरा झाला असेल नसेल, पलीकडच्या घरातल्या काकी ओरडल्या, "अगो बाय, हां उलटा फिरतांय!"

खरंच उलटं फिरत होतं. देव डाव्या हाताला. डब्याभोवती ते गोल फिरतंय एवढंच मी पाहिलं होतं, कुठल्या बाजूने ते नाही. टाळ्या थांबल्या. कुणीतरी हळूच "बरं नाही हे" म्हणालं. मी फुंकर मारून दिवा विझवला. माझे कान तापले होते आणि मला फक्त झोपावंसं वाटत होतं, तिथेच, देवासमोर, जमिनीवर.

तेवढ्यात बाबा उठून, माणसांतून वाट काढत आले. खाली बसले, इंजिन फडक्याने उचलून पोटाकडून पाहिलं आणि कडाडले, "मेल्या, उताणा घालून चाकं बसवलीस ना? उताण्याचा उजवा तो सुलट्याचा डावा, येवढी अक्कल नाय? पंधरा वर्षां इंजिनां उघडतंस, काय झोपेत उघडतंस?"

बाबांचा एवढा मोठा आवाज कुणीच ऐकला नव्हता. मी मान खाली घातली, ती रडू दिसू नये म्हणून. फार बरं वाटत होतं. इतकं बरं की आणखी थोडं बोलावं असं वाटत होतं, आणि ते बोललेच. झाळकाम पोरखेळ आहे, वाफ सांध्यातून गळते आहे, घंटा काय बैलाची मिरवणूक आहे म्हणून लावलीस, सगळं. मग म्हणाले, "पान्हा आण. सिलिंडराच्या नळ्या बदल, इकडची तिकडे. उलटी चालव. इंजिनाचं तोंड फिरवायची सोय नसली की आम्ही पाठीमागे तोंड करून मैलच्या मैल गाडी नेत होतो. तेव्हा देव नाय रागावला."

आरतीला आलेल्या भजनवाल्यांना अजून चार घरं घ्यायची होती, तरी कुणी उठलं नाही. चहा झाला. बाबा दिवा धरून बसले आणि मी नळ्या बदलल्या. इंजिन शेपटीकडून पुढे निघालं, देव उजव्या हाताला ठेवून अडीच फेरे फिरलं आणि पाणी संपून थांबलं. आरती जोरात झाली.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा उशिरापर्यंत झोपायचं ठरवलं होतं. अंग ठणकत होतं. उजाडायच्या सुमाराला पांघरूण ओढलं गेलं. बाबा उशाशी उभे. "ऊठ. चाकां काढ ती. पाच दिवस देवाक पाठमोरी गाडी दाखवणार काय? लोळतोस काय मेल्या?"

मी डोळे चोळत उठलो. बापाच्या धाकाने उठायची ती माझ्या आयुष्यातली पहिलीच सकाळ होती.