काकूंच्या रुपयाची डबी

सिंदी मेघेतल्या आमच्या शेजारच्या हार्डवेअरवाल्या काकांच्या हाती चांदीचा रुपया दिला, की ते आधी तो पाहत नसत, ऐकत. अंगठ्याच्या नखाने उडवत, डोळे मिटत आणि सांगत, "असली आहे." नाहीतर, "हा मले बनवून राह्यला." जुन्या नाण्यांचा नाद मला त्यांनीच लावला. मी मात्र आधी दर्जा आणि भाव पाहायचो, म्हणून ते मला 'हिसाबी' म्हणत.

अलीकडे नाणी दर्जा ठरवणाऱ्या कंपनीकडे तपासायला पाठवता येतात. सत्तरपैकी गुण मिळतात आणि नाणं गुणांच्या चिठ्ठीसकट पारदर्शक डबीत कायमचं बंद होऊन येतं. डबी फोडली की गुण गेले. काका या डब्यांना 'जेल' म्हणत. तरी माझ्या आग्रहावरून त्यांनी एक रुपया पाठवला. काकूंना तो त्यांच्या आईच्या पेटीत, मलमलीत गुंडाळलेला सापडला होता. त्रेसष्ट गुण आले. मग काय, खिळे घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही काका डबी दाखवत. "त्रेसष्ट! मले मॅट्रिकले इतके नव्हते."

लक्ष्मीपूजनाला मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा काकूंनी ताम्हनात बाकीचे रुपये दुधाने धुतले होते. त्यांनी हात पुढे केला. "आईचा द्या."

काकांनी डबी दिली.

"हे काय जी? लक्ष्मीले काऊन कोंडलं? आता दूध का प्लास्टिकवर टाकू? आईनं हा पूजेसाठीच ठेवलता."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सरळ सांगितलं: बाहेर काढला तर गुण जातील, आणि दुधात धुतला तर जुनी झळाळी जाऊन तसे पुन्हा मिळणार नाहीत. हळदकुंकू डबीलाच वाहावं, असंही सुचवलं.

"तुह्या लग्नात नवरी काचेच्या पेटीत बसवलती का रे?" काकू म्हणाल्या.

काकांनी डबी कानाशी नेऊन हलवली. "आवाजच नाई येत, हिसाबी." मग उठून दुकानातून आरी आणली. रुपयावर ओरखडा पडू न देता कडेकडेने डबी कापली आणि रुपया नखावर उडवला.

"हाच!" काकू म्हणाल्या. "आई असाच वाजवून दाखवे."

काकांनी तो दुधावर धरला. क्षणभर बोटांतून सुटेना. मग सोडला. चिठ्ठी माझ्या हाती देत म्हणाले, "तुले आकडा पाह्यजे होता ना? घे. आमाले रुपया पुरते."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. दिवाळीला काकूंनी मला मुद्दाम बोलावलं. रुपयावरची ती जुनी झळाळी आता राहिलेली नाही. धुऊन, पुसून त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. "वाजव. हे काम त्यायचं होतं."

मला नखावर जमेना. दोनदा फरशीवर पडला. तिसऱ्यांदा वाजला, आणि काकूंनी डोळे मिटले.

माझ्या कपाटात त्या चिठ्ठीशेजारी अकरा डब्या आहेत. प्रत्येकीचे गुण मला पाठ आहेत. त्यातला एकही रुपया कसा वाजतो, ते मला माहीत नाही.