फाटकापर्यंत दिलेला खांदा

आयर्लंडमधल्या मलिंगार शहरापासून थोडं बाजूला असलेल्या आमच्या गावात दोन चर्च आहेत. एका टोकाला कॅथलिकांचं, मोठं, रविवारी गाड्यांनी वेढलेलं. दुसऱ्या टोकाला, आमच्या घरासमोर, प्रॉटेस्टंटांचं. करड्या दगडाचं, चौकोनी बुरुजाचं, भोवती थडगी आणि गर्द काळपट झाडं. तिथे महिन्यातून एकदाच प्रार्थना होते आणि येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. नवऱ्याची नोकरी मलिंगारला आणि माझं काम घरून, म्हणून आम्ही इथे राहायला आलो.

या चर्चचा इतिहास मला शेजारच्या आजोबांनी सांगितला. ऐंशी ओलांडलेले, एकटे राहणारे शेतकरी. स्वतः कॅथलिक. संध्याकाळी ते चर्चच्या भिंतीला टेकून उभे असायचे आणि मी फिरायला निघाले की थांबवायचे. बुरुज चर्चपेक्षा जुना, त्याचे दगड नदीकाठच्या पडक्या मठातून आणलेले. तो कललेला दगड दुष्काळात आजाऱ्यांची सेवा करता करता स्वतः तापाने गेलेल्या पाद्र्याचा. आत जमीनदाराच्या बाकापाशी त्याच्या एकट्यासाठी शेकोटी केलेली आहे म्हणे. बाहेरचं सगळं ठामपणे सांगणारे आजोबा आतलं काही सांगताना ‘म्हणे’ लावायचे, पण मी त्याचा कधी विचार केला नाही.

गेल्या वर्षी उन्हाळा संपता संपता माझी आई अमरावतीहून आली. रेशनचं दुकान एकटीने चालवलेली बाई ती, रिकामी बसणार थोडीच. तिने आमच्या मागच्या अंगणात मेथी पेरली. आजोबांशी तिची गट्टी जमायला भाषा लागली नाही. ती वऱ्हाडीत बोलायची, ते इंग्रजीत, आणि दोघंही माना डोलवायचे.

ऑक्टोबरात चर्चमध्ये सुगीची प्रार्थना असते. ज्याच्या शेतात, बागेत जे पिकलं ते आणून वेदीपुढे ठेवायचं. तिथे ऑर्गन वाजवणाऱ्या बाई आम्हाला बोलवायला घरी आल्या. “तुमच्या आईंनासुद्धा घेऊन या,” म्हणाल्या. आईने लगेच मेथीच्या जुड्या बांधायला घेतल्या. तुम्हीही येता का, असं मी आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, “तुम्हाला फाटकापर्यंत सोडतो.”

आणि त्या रविवारी खरंच फाटकाशी येऊन ते थांबले. टोपी काढून हातात धरली आणि म्हणाले, “जा तुम्ही. मी इथे ग्रँड आहे.” ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘ठीक’.

“हे भाऊ काहून थांबले?” आईने विचारलं.

मी आजोबांना विचारलं. ते बुरुजाकडे बघत सांगू लागले. त्यांच्या तरुणपणी, कॅथलिकांनी या चर्चमध्ये पाऊल टाकायचं नाही, असा त्यांच्या धर्मगुरूंचा नियम होता. पण त्यांचा जिवलग मित्र प्रॉटेस्टंट होता. शेताला शेत लागून, गवताची कापणी दोघं मिळून करायचे. एका संध्याकाळी उतारावर मित्राचा ट्रॅक्टर उलटला आणि तो गेला.

“मी खांदा दिला,” आजोबा म्हणाले. “घरापासून इथपर्यंत. इथे दुसऱ्याने माझी जागा घेतली. आम्ही सगळे कॅथलिक इथे रस्त्यावर पावसात उभे राहिलो. आतून गाणी ऐकू येत होती.”

“पण तो नियम आता नाही ना?”

“नाही. कधीच गेला. पण तेव्हा गेलो नाही, मग आता कोणत्या तोंडाने जायचं?”

मी हे सगळं आईला मराठीत सांगितलं. आईने मेथीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“त्याईले म्हण,” ती म्हणाली, “मले तिथलं काहीच समजत नाही. कधी उठाव, कधी बसाव. मले एकटीले भेव लागते. सोबत चाला म्हणा.”

आई आयुष्यात कशाला भ्याल्याचं मला आठवत नाही. तरी मी तसंच सांगितलं. आजोबांनी आईकडे पाहिलं. मग टोपी खिशात कोंबली आणि तिच्या हातातली पिशवी घेतली.

आत थंड होतं, ओलसर दगडाचा आणि सफरचंदांचा वास येत होता. खिडक्यांच्या कट्ट्यांवर भोपळे, बटाटे, ब्रेड मांडलेले. जमीनदाराची शेकोटी खरंच होती, अगदी चिमुकली. आजोबांनी तिच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. त्यांना डाव्या भिंतीवर पितळी पाटी दिसली होती. त्यांनी मित्राच्या नावावरून हळूच बोटं फिरवली आणि तिथेच, पाटीखालच्या बाकावर बसले. आई त्यांच्या शेजारी बसली.

ऑर्गन मध्येच थांबला. वाजवणाऱ्या बाई उठून आमच्याकडे येत होत्या. या बाई म्हणजे आजोबांच्या त्या मित्राची धाकटी बहीण, हे मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं भिंतीच्या अल्याडपल्याडहून दोघांनी एकमेकांना फक्त हवापाण्याचं विचारलं होतं.

“आलास,” त्या म्हणाल्या.

“या बाईंना सोबत हवी होती,” आजोबा म्हणाले.

“बरं झालं.” त्यांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि परत वाजवायला गेल्या. प्रार्थनाभर आजोबा खाली मान घालून होते. गाणं सुरू झालं की आई त्यांचं बघून उठायची, त्यांचं बघून बसायची.

नंतर मागच्या खोलीत चहा होता. आजोबा आणि बाई खिडकीशी उभे राहून जोरजोरात बोलत होते.

“काय म्हणतात?” आईने विचारलं.

“भांडताहेत. ओढ्याकाठच्या शेतातलं गवत आधी कोणी कापलं होतं, आजोबांनी की बाईंच्या भावाने.”

“भांडू दे,” आई म्हणाली आणि दुसरा कप घ्यायला गेली.

आई डिसेंबरच्या आधीच परत गेली. आजोबा आता महिन्यातल्या त्या रविवारी सकाळी स्वतःच्या चर्चला जातात आणि तिथून थेट इकडे येतात. बाक फार कडक आहेत, अशी त्यांची तक्रार आहे. बाईंनी त्यांना घरून उशी आणायला सांगितलं आहे.