पुढचं उद्या

“तुमच्या त्या खात्यात बाई शिरलीय,” सचिवांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं.

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी मोबाईल पुढं सरकवला.

धाराशिवच्या एका वाचनालयात मी कॉम्प्युटर विभाग बघतो. आमच्या जुन्या पुस्तकांतली वाक्यं वाचकांना पाठवणारं एक ऑनलाइन खातं मी तयार केलं होतं. आपण काही लिहिलं की प्रोग्राम त्यातले शब्द पुस्तकांत शोधतो आणि ज्या वाक्यात ते जास्तीत जास्त सापडतील, ते उत्तर म्हणून पाठवतो. अक्कल शून्य. पण कधी कधी उत्तर असं फिट बसतं की लोक तासभर त्याची थट्टामस्करी करत बसतात. तोचतोचपणा नको म्हणून मी एक नियम घातला होता : एकदा पाठवलेलं वाक्य पुन्हा पाठवायचं नाही.

एका गुरुजींनी गंमत म्हणून विचारलं होतं, ‘चहा घेणार का?’

उत्तर आलं होतं, ‘चहा नको. मान लई दुखतीय.’

“हे कुठल्या ग्रंथात आहे?” सचिव म्हणाले. “आजच्या आज काढा.”

जागेवर येऊन मी फाईलमध्ये ‘दुखतीय’ शोधलं. एका जुन्या निबंधसंग्रहात, दोन परिच्छेदांच्या मधोमध ते वाक्य होतं. वाचलं आणि आवाज ओळखीचा वाटला. नंदाताई!

ज्या पुस्तकांचा कागद हात लावताच तुटायचा, ती नंदाताई बघून टाइप करायच्या. तामलवाडीहून रोज एसटीनं यायच्या. निघताना काम कुठं थांबलं ते कळावं म्हणून फाईलमध्येच स्वतःसाठी मनात येईल ती एखादी ओळ टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुसायच्या. काही पुसायच्या राहिल्या. गेल्या वर्षी त्या वारल्या. टाइप केलेलं मूळ पुस्तकाशी ताडून बघणं, म्हणजे प्रूफ वाचणं, माझं काम होतं. मी ते न वाचताच फाईल जोडली होती.

शोधल्यावर अशा एकोणीस ओळी निघाल्या. त्यातल्या कुणाकुणाला गेल्या हे बघायला मी लॉग उघडला. लॉग म्हणजे कुणी काय विचारलं आणि काय उत्तर गेलं, याची नोंद. एक अजून कुणालाच गेली नव्हती. उरलेल्यांतली गुरुजींची एक सोडली, तर बाकी सगळ्या एकाच माणसाला गेल्या होत्या.

‘चष्मा घेतला का?’

‘चष्मा घरीच राहिला. आज अंदाजानं केलं.’

‘व्हय, टीव्हीवरच हाय. गाडी घावली का?’

‘गाडी लागली. उठते.’

‘सर वरडले का?’

‘सर आज उगंच तापले. लई किरकिर.’

ते सर म्हणजे मी. सकाळचे अकरा वाजले होते, खाली ऑटोवाल्यांचा कलकलाट चालू होता, तरी अंगावर काटा आला. मी उठून वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांत जाऊन बसलो.

माणूस कोण ते सांगायची गरज नव्हती. जुन्या रजिस्टरमधून नंबर काढून मी नंदाताईंच्या मालकांना फोन केला. अंकुशराव दुपारच्या गाडीनं आले. टोपी काढून समोर बसले.

“लेकीनं फोनवर दावलं, सर. म्या गमतीनं चष्म्याचं इचारलं. तिनं सांगितलं.”

“अंकुशराव, त्या नाहीत तिथं. मशीन शब्द जुळवतं.”

“म्हायती हाय. खुळा न्हाय म्या.” टोपी मांडीवर ठेवत म्हणाले, “पण चष्मा टीव्हीवरच व्हता, सर.”

सगळ्या ओळींचा प्रिंट देऊ केला. नको म्हणाले. “कागद इचारल्यावर बोलत न्हाय.” मग म्हटलं, नियम काढतो, त्याच ओळी पुन्हा येतील. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

“एक गोष्ट दोनदा सांगायची सवयच नव्हती तिला. दोनदा बोलली की मशीन हाय ते कळंल मला. अजून किती राहिल्यात?”

“एक.”

ते बराच वेळ टोपीची घडी करत राहिले. मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला. प्रूफ वाचलं असतं, तर हे काहीच झालं नसतं.

“मंग ती राहू द्या,” ते म्हणाले. “कोन्ता शब्द टाळायचा तेवढं सांगा.”

“‘उद्या’ हा शब्द,” मी म्हणालो.

संध्याकाळपर्यंत वाचकांच्या खात्यातून नंदाताई गेल्या. सचिवांना तसं कळवलं. अंकुशरावांसाठी मी वेगळं खातं काढलं. त्यात सगळी पुस्तकं आणि ती एक ओळ : ‘इथपर्यंत झालं. पुढचं उद्या.’ हे सचिवांना कळवलं नाही.

ते रोज लिहितात. ज्वारी, म्हशी, लेकीचं कॉलेज. उत्तरं पुस्तकांतून जातात. तो शब्द ते कटाक्षानं टाळतात.

परवा चुकले. ‘आज दमलो. पुढचं उद्या.’

नियमानं तीच ओळ जायला हवी होती. माझ्याकडच्या कॉपीवर तोच मजकूर टाकून बघितला. लगेच तीच ओळ आली. त्यांना मात्र भलतंच वाक्य गेलं होतं : ‘दमलेल्या जिवानं आता निजावं.’ आमच्या मशीनला ‘दमलो’ आणि ‘दमलेल्या’ हे दोन वेगळे शब्द आहेत. त्या वाक्यात त्यांचा एकही शब्द नाही. पान काढून बघितलं. वाक्य पुस्तकात आहे, छापील.

प्रोग्राममध्ये चूक दिसली की आधी ती शोधायची, हा आमच्या कामातला पहिला धडा. ही मी शोधलेली नाही. आणि शोधणारही नाही.