द्वारकाक्कांच्या नसलेल्या पायाला लागलेली आच

तापलेल्या विटेने मी स्वतःची टाच भाजून घेतली, आणि दोन दिवस मला त्याचा पत्ताच नव्हता.

भूत, भानामती, करणी — यातलं मी कधीच काही मानलं नाही. शिरड शहापुरात जन्मभर पोरांना विज्ञान शिकवलं... आणि घात केला तो माझ्या विज्ञानानेच.

शुगर जुनी, किडन्या गेलेल्या. आठवड्यातून तीनदा हिंगोलीला डायलिसिस. स्टँडपासून सेंटरपर्यंत चालताना डावी पोटरी धरायची, थांबलो की सुटायची. कोणाला कळू नये म्हणून मी दुकानांच्या पाट्या वाचत उभा राहायचो. त्या रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मला पाठ आहेत! त्यात पाऊल बर्फासारखं गार. एका रविवारी मी विचार केला — उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, मग रक्तवाहिनी का नाही पावणार? बायको जवळा बाजारला बहिणीकडे गेलेली. चुलीवर वीट तापवली, फडक्यात गुंडाळली, टाचेखाली घेतली आणि दुपारभर घोरलो. शुगरने पाय बधिर, चटका जाणवलाच नाही. उठून मोजा चढवला, विषय संपला.

मंगळवारी डायलिसिसला शेजारच्या खाटेवर हट्टा गावच्या द्वारकाक्का. मागच्या वर्षी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापला. तरी कुबडी घेऊन एकट्या एसटीने येतात, वर सीटवरच्या तरण्या माणसाला उठवतात. सुई टोचताना मी डोळे मिटतो. आक्का सिस्टरच्या लेकराची चौकशी करतात.

मशीन सुरू होऊन तासभर झाला असेल. आक्का एकदम म्हणाल्या, "गुरुजी, माझा डावा पाय भाजून राहिला."

"आक्का, डावा पाय हाय कुठं तुमाला?"

"न्हाई, ते ठाऊक हाय मला. पण टाच भाजून राहिली. तापल्या विटेवर ठेवल्यावानी."

विटेचं फक्त मला आणि चुलीला माहीत!

"मोजा काढा तुमचा."

"काहून?"

"काढा म्हणते ना! ओ सिस्टर, गुरुजींचा पाय बघा आधी."

मोजा निघाला तो कातडी घेऊनच. टाच काळी पडलेली. डॉक्टरांनी पावलावर नाडी शोधली... सापडेना. चालताना काय होतं विचारलं, तेव्हा मी पाट्यांचं कबूल केलं. म्हणाले, "डायलिसिसवाल्यांच्या पायातल्या रक्तवाहिन्या कडक होऊन चोंदतात, गुरुजी. पाट्या वाचत होता तेव्हाच सांगायचं! अजून आठ दिवस काढले असते तर पाय गेला असता."

त्याच संध्याकाळी नांदेडला नेलं. फुगा घालून रक्तवाहिनी मोकळी केली. जखम भरायला चार महिने लागले, पण पाय राहिला.

कापलेला पाय दुखल्यासारखा वाटतो, मेंदूला त्याची सवय असते, असं डॉक्टर सांगतात. मान्य. पण टाचच का? आणि वीट? "ते माझ्या पुस्तकात नाही," म्हणाले. माझ्याही नव्हतं. अजून सापडलेलं नाही.

आता आक्का दर खेपेला अख्ख्या वॉर्डाचे मोजे काढायला लावतात. सिस्टरसुद्धा त्यांचं ऐकतात. परवा मी हात जोडूनच विचारलं, "आक्का, खरं सांगा, तुमाला कळलं कसं?"

आक्कांनी मला डोक्यापासून टाचेपर्यंत न्याहाळलं.

"मला नसल्या पायाचं कळलं, तुमाला असल्या पायाचं कळलं न्हाई. अन् पोरं तुमाला गुरुजी म्हणत व्हती?"