आधी तुम्ही बसा

आईला पलंगावरून खुर्चीत न्यायला शुश्रूषा केंद्रात एक यंत्र होतं. त्याला टांगलेल्या कापडी झोळीत बसवून तिला उचलत. एका सकाळी तिथल्या मदतनीस सुमनमावशींना झोळीची शिवण उसवलेली दिसली. त्यांनी यंत्र बाजूला सारलं.

व्यवस्थापक म्हणाले, "आजचा दिवस चालवून घ्या."

"मग आधी तुम्ही बसा. मी उचलते."

ते बसले नाहीत. ज्याला स्वतःहून उतरता येत नाही, त्याच्यासाठी कुणालातरी असं अडून बसावंच लागतं. तिचा मुलगा असून मी गप्प होतो. लाज वाटली, आणि मावशींशेजारी जाऊन उभा राहिलो.

दुपारी नवी झोळी आली. आईनं तिची शिवण दोन्ही हातांनी ओढून पाहिली आणि मगच म्हणाली, "हं, उचला."