नऊचे एकवीस

धुळ्याला सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हा आमच्या काँक्रीट लॅबमध्ये बाहेरच्या बांधकामांचे क्यूब तपासायला यायचे. स्लॅब किंवा कॉलम ओतताना त्यातलंच थोडं काँक्रीट साच्यात भरून हे चौकोनी ठोकळे करतात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि मग मशीनमध्ये दाबून फोडतात. इमारत किती ताकदीची आहे ते त्यावरून कळतं. लॅबच्या सरांनी मला नोंदी लिहायला घेतलं होतं, अक्षर चांगलं म्हणून. पहूरला घरी फोनवर मी सांगायचे, मी खऱ्या इमारती तपासते. वडील ते केळीच्या बागेत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे.

लॅब घाणेरडी होती. क्यूबच्या हौदातलं पाणी बदललेलं मी कधी पाहिलं नाही. वर हिरवा तवंग असायचा आणि एकदा मेलेली पाल दोन दिवस त्यात तरंगत होती. सर वाळूच्या घमेल्यात तंबाखू थुंकायचे. त्याच वाळूची चाळणी करून आम्ही जर्नल लिहायचं होतं, पण चाळत कुणीच नसे. मागच्या बॅचचं जर्नल समोर ठेवून सगळा वर्ग आकडे उतरवायचा. सगळ्यांची वाळू दशांशापर्यंत सारखी निघायची आणि प्रत्येक पानाखाली सरांची सही असायची. मीही उतरवायचे. किळस यायची, पण चार वर्षांत अंगवळणी पडली होती.

मग एक दिवस तीन क्यूब आले. सोबतच्या चिठ्ठीवर कामाचं नाव होतं, पिंपळनेरच्या पुढच्या एका पाड्यावरच्या शाळेच्या दोन नव्या खोल्या. लॅबचे मदतनीस अमळनेरकडचे होते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो. नानांनी पहिला क्यूब मशीनमध्ये ठेवला. काटा साडेचारशेच्या पुढे जायला हवा होता, तो दोनशेवरच थांबला. चांगला क्यूब फुटताना कडाडतो. हा नुसता बसला, वाळलेल्या शेणाच्या गोवरीसारखा. आत माती होती आणि मधोमध गुटख्याची अख्खी पुडी, चकाकती. बाकीचे दोनही तसेच फुटले. ताकद विसाच्या वर हवी होती, ती नऊच्या आसपास भरली.

सरांनी दारातूनच पाहिलं. एकवीसच्या आसपास लिही म्हणाले, तिन्ही आकडे सारखे नकोत, आणि चहाला निघून गेले. मी नानांकडे पाहिलं. ते झाडूने चुरा गोळा करत होते. मान वर न करता म्हणाले, "लिखी टाक, माय. बठ्ठा असंच करतस."

सगळेच करतात म्हणून मीही लिहिलं, माझ्या सुवाच्य अक्षरात. खरे आकडे मात्र माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवले. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं. दुपारी मेसमध्ये वरण-बट्टी होती. बट्टी चुरायला घेतली आणि मला उठून बाहेर जावं लागलं.

पुढच्या आठवड्यात कॉलेज बुडवून मी एसटीने पिंपळनेरला गेले आणि तिथून काळीपिवळीने पाड्यावर. शाळेच्या बाई पन्नाशी उलटलेल्या असतील. त्या एकाच जुन्या खोलीत चारही वर्गांना शिकवत होत्या. नव्या खोल्या रंगवून तयार होत्या, ताबा घ्यायचा बाकी होता. मी केसातली पिन काढून कॉलमच्या कोपऱ्यात रुतवली. ती सहज आत गेली आणि वाळू ओघळली. बाईंनी पाहिलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं, मी काय लिहिलं तेही.

त्या म्हणाल्या, "मला हे लिहून द्याल?"

"माझा निकाल लागायचाय, बाई."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, चहा दिला, काळीपिवळीपर्यंत सोडायलाही आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. परतीच्या एसटीत मला सरांची किळस आली नाही. माझ्या बोटांची आली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला नेमका क्यूबच्या चाचणीचाच प्रश्न विचारला. मी पुस्तकातलं उत्तर घडाघडा म्हटलं. शेजारी बसलेले सर कौतुकाने हसले. मार्क उत्तम पडले.

निकालाची गुणपत्रिका हातात आली त्या दिवशी मी खरे आकडे, चाचणीची तारीख आणि माझं नाव कागदावर लिहून, खाली सही करून बाईंना रजिस्टर पोस्टाने पाठवलं. एक प्रत कॉलेजला दिली. कॉलेजकडून काहीच उत्तर आलं नाही. नोंदवही माझ्याच अक्षरात होती, तेव्हा खोटारडी ठरले असते तर मीच.

पावसाळ्यानंतर बाईंचा फोन आला. माझा कागद पुढे करून त्यांनी ताबा नाकारला होता. साहेब लोक येऊन गेले, हातोडीने दोन ठिकाणी ठोकलं, पुन्हा प्लॅस्टर मारलं आणि इमारत चांगली असल्याचा शेरा दिला. बाईंनी तरीही एकही मूल आत बसवलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्यावर नोटीस निघाली होती. हे सगळं त्यांनी हजेरी सांगावी तसं सांगितलं.

मी विचारलं, आता काय करणार?

"निवृत्तीला तीन वर्षं आहेत," त्या म्हणाल्या. "तोवर मुलं जुन्या खोलीतच बसतील. माझ्यानंतर येतील त्यांना तुमचा कागद दाखवीन. ते काय करतील, ते मी कसं सांगू?"