नव्याआधीची काकडी

दर रविवारी आमच्या बोईसरच्या सोसायटीत मासवणकडच्या एका पाड्यावरून भाजी येते. ही व्यवस्था मी लावली. कारखान्यातल्या नोकरीसाठी इथे येऊन वीस वर्षं झाली, तरी आपण खातो ती भाजी आसपास कुठे, कोण पिकवतं, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून मोटारसायकल काढून डोंगराकडच्या पाड्यांवर हिंडू लागलो. तिथे या ताई भेटल्या. पावसावरचं लहानसं शेत, घरी म्हातारे सासरे.

दिवाळीच्या आधी सोसायटीच्या ग्रुपवर काकडीची मागणी आली. शनिवारी पाड्यावर गेलो, तर घरामागच्या मांडवावर वेल लगडलेला.

"ताई, काकडी तयार आहे की! मग सांगितलं का नाही?"

"तयार हाय, पण अजून नवं केलं नाय. वाघबारशीला देवाला दिली का मग आमी खाणार."

मला राहवेना. चवळीचंही असंच का? तोवर काकडी पिवळी पडली तर? लहान पोरं कशी थांबतात?

"थांबतात. तुमीच लय इचारता, भाऊ," असं म्हणून त्या शेंगा आणायला आत गेल्या.

आणि मी एक काकडी तोडून खाल्ली.

सोसायटीसाठी चव पाहिली, असं मी पुढे स्वतःला बरेच दिवस सांगत होतो. ते खोटं आहे. हा नियम त्यांचा, आपला नाही, असं वाटलं होतं. आणि एवढी वाट पाहायला लावणारं त्या काकडीत असतं तरी काय, हे मला बघायचं होतं.

ओट्यावरून सासऱ्यांनी पाहिलं. "खाल्लीस?"

"हो बाबा. गोड आहे."

ते उठून जवळ आले, माझ्या हातातल्या अर्ध्या काकडीकडे बघत राहिले. "आता हा वेल देवाला चालायचा नाय."

ताई बाहेर आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वेलावरच्या सगळ्या काकड्या उतरवल्या आणि माझ्या पिशवीत भरल्या. "न्या. तुमालाच पायजे व्हत्या ना."

त्यांच्याकडे तेवढा एकच वेल होता.

रविवारी सोसायटी खूश. किती कोवळ्या, किती ताज्या! मी हात जोडल्याची चित्रं पाठवत राहिलो. कुणाला काही बोललो नाही, पण मला स्वतःला त्यातली एकही खाववली नाही. वाघबारस चार दिवसांवर आली तेव्हा अर्धी रजा टाकून पुन्हा पाड्यावर गेलो.

"बाबा, बाजारातून चांगली काकडी आणून दिली तर?"

"ती कुठच्या शेतातली? तिथला देव माझ्या वळखीचा हाय का?" सासरे म्हणाले. "पाड्यातलीच लागंल. कुणाकडनं तरी मागून आणाय लागंल."

"मग मागा ना."

"मी का मागू? मी खाल्ली का?"

तेव्हा मीच वरच्या घरी गेलो. तिथली म्हातारी अंगणात भात पाखडत होती. तिला सगळं सांगितलं.

"बोईसरला काकडी मिळत नाय?"

"मिळते."

"मंग?"

"थांबवून ठेवलेली काकडी कशी लागते, ते बघायचं होतं."

"मंग, कशी लागली?"

"काकडीसारखीच."

म्हातारी एवढी हसली की सूप खाली ठेवावं लागलं. तिने शेजारच्या घरांनाही हाका मारून ते ऐकवलं. मी मान खाली घालून उभा. मग ती वेलापाशी गेली, बोटांनी चाचपत एक काकडी निवडली आणि देठासकट माझ्या हातात दिली. "वाटेत भूक लागली तर दुसरी मागाय यायचं नाय."

बांधावरून ती काकडी मी दोन्ही हातांनी धरून आणली. सासऱ्यांनी उलटीसुलटी करून पाहिली, कुठे दात लागलेला नाही याची खात्री केली आणि सुनेला म्हणाले, "आत ने. उंच ठेव. ह्यो अजून हितंच हाय."